विद्युतधारा, विभवांतर आणि ऊर्जा : एक स्पष्टीकरण

माध्यमिक स्तरावर भौतिकशास्त्र शिकून महाविद्यालयात आलेल्या अनेक विद्यार्थ्यांच्या मनात 'दिव्यात विद्युतधारा खर्च होते' ही समजूत कायम असते. ओहमचा नियम पाठ असूनही ती टिकून राहते. प्रस्तुत लेखात तिचे निराकरण खोपोली येथील जलविद्युत केंद्राच्या आधारे केले आहे.

टाटांचे हे केंद्र १९१५ मध्ये सुरू झाले. लोणावळा परिसरातील जलाशयांचे पाणी नळांतून घाटाखाली येते, टर्बाइन फिरवते आणि पुढे पाताळगंगा नदीस मिळते. टर्बाइनमध्ये जेवढे पाणी शिरते तेवढेच बाहेर पडते. घटते ती केवळ त्याची ऊर्जा. विजेरीच्या परिपथातही हेच घडते. दिव्यात शिरणारी व त्यातून बाहेर पडणारी धारा समान असते. उतरते ते विभव. प्रभाराने गमावलेली ऊर्जा प्रकाश व उष्णता यांच्या रूपाने प्रकट होते.

ग्राहक मूल्य देतो ते ऊर्जेचेच. वीजदेयकातील १ युनिट म्हणजे १ किलोवॅट-तास, अर्थात ३६ लाख ज्यूल. १०० वॅटचा दिवा १० तास चालविण्यास एवढी ऊर्जा लागते. ती मिळविण्यासाठी ५०० मीटर उंचीवरून किती पाणी खाली यावे लागेल? वस्तुमान, गुरुत्व त्वरण व उंची यांच्या गुणाकारावरून, ऊर्जेचा ऱ्हास विचारात न घेता, हे उत्तर सुमारे ७३५ लिटर येते.

सारांश, सूत्रे मांडण्यापूर्वी 'काय वाहते आणि कशाचे रूपांतर होते' हा प्रश्न वर्गात विचारला गेल्यास पुढील विद्युतशास्त्राचा पाया अधिक पक्का होईल.