चार खोल्यांचं हॉटेल काढताय? डिझाइन तुमच्या गावातच आहे



मुळशी, मावळ किंवा कोकणात वडिलोपार्जित एक-दोन एकर जमीन आहे. चाकण-भोसरीच्या कंपनीतून निवृत्तीचे किंवा व्हीआरएसचे पैसे हातात आलेत. आणि डोक्यात विचार पक्का झालाय की चार खोल्या बांधू, शनिवार-रविवार हिंजवडी-वाकडची आयटीवाली मंडळी येतील. तुम्ही या गटात असाल, तर आजचा लेख शेवटपर्यंत वाचा.

पिंपळे सौदागरला आमचं पडदे-चादरींचं दुकान आहे. असं हॉटेल किंवा होमस्टे काढणारी गिऱ्हाइकं आता नियमित येतात. बहुतेकांच्या मोबाइलमध्ये बालीच्या एखाद्या रिसॉर्टचा फोटो असतो आणि मागणी असते, "असंच सेम टू सेम पाहिजे." मी एकच प्रश्न विचारतो: पाहुण्याला बालीच बघायची असेल, तर तो तुमच्या गावात कशाला येईल?

'बुटीक' हा शब्द आपल्या दुकानदारांचाच

१९८४ मध्ये न्यूयॉर्कला 'मॉर्गन्स' नावाचं हॉटेल सुरू झालं. इयान श्रेगर आणि स्टीव्ह रुबेल हे त्याचे मालक. मोठी हॉटेलं डिपार्टमेंट स्टोअरसारखी असतात, आमचं हॉटेल बुटीकसारखं आहे, अशी तुलना रुबेल यांनी केली आणि 'बुटीक हॉटेल' हा शब्द रूढ झाला.

दुकानदाराला हे लगेच कळतं. मॉलमध्ये सगळं मिळतं. छोट्या दुकानात थोडंच मिळतं, पण ते निवडलेलं असतं आणि मालक गिऱ्हाइकाला नावाने ओळखतो. तुमच्या चार खोल्या साखळी हॉटेलशी स्विमिंग पूलच्या साइजवर कधीच जिंकणार नाहीत. जे फक्त तुमच्या गावात आहे, त्यावरच जिंकतील.

परुळ्याची 'माचली'

सिंधुदुर्गात वेंगुर्ला तालुक्यात परुळे गाव आहे. तिथल्या एका कुटुंबाने स्वतःच्या बागायतीत मुक्कामाची सोय केली आणि नाव ठेवलं 'माचली'. शेताची राखण करायला शेतकरी उंचावर जी छोटी झोपडी बांधतो, ती माचली. बसायला मचाण, वर गवताचं छप्पर, चारी बाजूंनी शेत दिसतंय. हाच आकार त्यांनी कॉटेजना दिला. नारळी-पोफळी आणि मसाल्याच्या झाडांमध्ये मोजकीच कॉटेजेस आणि जेवायला घरचं मालवणी जेवण.

आता बघा, त्यांनी काय केलं. गावातला एक शब्द घेतला. त्या शब्दातून इमारतीचा आकार निघाला, जागेचं नाव निघालं आणि पाहुण्याला सांगायची गोष्टही निघाली. यासाठी कॅटलॉग लागला नाही. मी यालाच 'एक शब्दाचं डिझाइन' म्हणतो. जो शब्द सापडेल, त्याला विचारून बाकी सगळी खरेदी करायची.

सावंतवाडीचे गोल पत्ते

त्याच जिल्ह्यातलं दुसरं उदाहरण सावंतवाडीच्या राजवाड्याचं आहे. सावंतवाडीची ओळख म्हणजे लाकडी खेळणी आणि गंजिफा. गंजिफा म्हणजे हाताने रंगवलेले गोल पत्ते. दशावतारी गंजिफाच्या एका संचात १२० पत्ते असतात. दहा अवतार आणि प्रत्येकाचे १२ पत्ते. ही कला जवळपास संपत आली होती. राजमाता सत्त्वशीलादेवी भोसले स्वतः ती शिकल्या, १९७० च्या दशकात कारागिरांना राजवाड्यात बसायला जागा दिली आणि ती टिकवली. पुढच्या पिढीने राजवाड्याच्या आवारात छोटं 'बुटीक आर्ट हॉटेल' सुरू केलं, तेव्हा सजावटीचा विषय शोधायची गरजच पडली नाही. गंजिफाच खोल्यांमध्ये आली.

"त्यांच्याकडे राजवाडा आहे, आमच्याकडे पत्र्याची शेड," असं म्हणू नका. यातून घ्यायचा धडा असा, की पाहुणा खोलीत जे चित्र बघतो, ते रंगवणारा माणूस त्याला शेजारीच भेटतो. तुमच्या गावात कुंभार असेल, घोंगडी विणणारा असेल, बुरूड असेल. तो पाहुण्याला भेटला पाहिजे.

महेश्वर: शेजारी कमावले तर हॉटेल टिकतं

आता थोडं महाराष्ट्राबाहेर, पण आपल्याच माणसांकडे जाऊ. मध्य प्रदेशात नर्मदेकाठी महेश्वरला अहिल्याबाई होळकरांचा किल्ला आहे. इंदूरच्या शेवटच्या महाराजांचे पुत्र रिचर्ड होळकर यांनी २००० साली त्यातला निवासी भाग हॉटेल म्हणून उघडला. पण त्याच्या वीसेक वर्षं आधीच त्यांनी आणि सॅली होळकर यांनी तिथल्या विणकरांसाठी 'रेहवा' ही संस्था उभी केली होती. माहेश्वरी साडीच्या काठावरचे नक्षीचे नमुने किल्ल्याच्या दगडी कोरीवकामातून आणि नर्मदेच्या लाटांतून आलेले आहेत. म्हणजे पाहुणा भिंतीवर जी नक्षी बघतो, तीच मागावर बघतो आणि तीच विकत घेऊन घरी जातो.

धंद्याच्या भाषेत सांगायचं तर इथे खोलीचं भाडं, साडी आणि गावचा घाट हे एकमेकांचे सेल्समन आहेत. गावाला तुमच्या पाहुण्यातून दोन पैसे मिळाले, तर रस्ता अडवणारा कोणी उरत नाही. रात्री गाडी चिखलात रुतली तर ट्रॅक्टर घेऊन तोच गाव येतो.

मावळ-मुळशीत काय आहे?

आधी जागा काय सांगते ते ऐका. श्रीलंकेचे वास्तुविशारद जेफ्री बावा यांनी कंडलामाचं हॉटेल डोंगराच्या कड्याला चिकटून बांधलं. ते १९९४ मध्ये उघडलं. त्यांनी खडक फोडून सपाटी केली नाही, खडक इमारतीत येऊ दिला. आज वेलींनी ते इतकं झाकलंय की लांबून डोंगरच वाटतो. आपल्याकडे मात्र पहिल्या दिवशी जेसीबी बोलावतात, झाडं काढतात आणि मग नर्सरीतून पाम आणून लावतात!

मावळात काळा दगड आहे, भातखाचरं आहेत, आणि इंद्रायणी तांदूळ तर वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राचाच, १९८७ पासूनचा. जुलैत आवणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मेअखेरीस काजवे. कार्ले-भाजे लेणी, लोहगड-विसापूर शेजारी. घराचे शब्द बघा: ओसरी, पडवी, माजघर, कणगी, उखळ. 'ओसरी' हा एकच शब्द घेतला, तरी प्रत्येक खोलीला रुंद ओसरी, बसायला दगडी कट्टा, समोर खाचर आणि पावसात बसून खायला गरम पिठलं-भाकरी, एवढा सगळा प्लॅन तयार होतो. आणि तो पावसाळ्यातही विकला जातो. स्विमिंग पूल मुळशीच्या पावसात कोण वापरणार?

माझ्या धंद्यातल्या तीन गोष्टी सांगतो. मखमली जाड पडदे मुळशीच्या दमट हवेत वास धरतात. तिथे धुवायला सोपं सुती कापडच बरं. चादर पांढरी सुतीच ठेवा, पाहुण्याला स्वच्छता डोळ्यांनी दिसते. गाव दाखवायचंय तर पायथ्याशी घोंगडी घडी करून ठेवा, पण ती अंगाला टोचते म्हणून पांघरायला सोलापुरी चादर द्या. आणि प्रत्येक बेडला तीन सेट लागतात: एक बेडवर, एक धुण्यात, एक कपाटात. पावसाळ्यात चौथा ठेवा, कारण कपडे वाळत नाहीत.

एक सावधगिरीही बाळगा. गावपण ओसरीपर्यंतच. बाथरूम, गरम पाणी, गादी आणि डासांची जाळी यात शहराला लागतं तेच द्यायचं. शेणाचं सारवण छान दिसतं, पण ते पुन्हा पुन्हा करावं लागतं. करणारी माणसं असतील तरच अंगणात ठेवा.

आता हिशेब, कारण पैसे तुमचे आहेत

समजा ४ खोल्या आहेत. शुक्रवार-शनिवारच्या रात्री वर्षाला १०४. चार खोल्यांच्या ४१६ रात्री होतात. त्यातल्या ६० टक्के भरल्या तर २५०. भाडं ४,००० धरलं, तर १० लाख. आठवड्यातल्या बाकी रात्री १,०४०. त्यातल्या १० टक्के, २,५०० रुपयांनी, म्हणजे २ लाख ६० हजार. एकूण १२ लाख ६० हजार.

आता खर्च. बुकिंग साइटचं कमिशन १५ टक्के धरा, साधारण १ लाख ९० हजार. दोन माणसांचा पगार महिना १५,००० प्रमाणे ३ लाख ६० हजार. वीज, धुलाई, दुरुस्ती वगैरे २ लाख. हातात राहिले साधारण ५ लाख १० हजार.

२५ लाख कर्ज, १० टक्के व्याज, १० वर्षं. वर्षाचा हप्ता जवळपास ४ लाख. वर्षाला लाखभर उरतात. हप्ता फिटला की धंदा तुमचा.

पण स्विमिंग पूल आणि आयात फर्निचरसाठी तेच कर्ज ४० लाख केलंत, तर हप्ता ६ लाख ३० हजारांच्या पुढे जातो. म्हणजे दरवर्षी खिशातून सव्वा लाख घालायचे! पाहुणे तेवढेच, भाडं तेवढंच. फरक फक्त त्या बालीच्या फोटोचा. हे आकडे मी उदाहरणासाठी धरलेत. तुमच्या भागातले भाव घालून हाच हिशेब कागदावर मांडा आणि मगच बँकेत जा. जमीन तारण ठेवणार असाल, तर घरच्या सगळ्यांना तो कागद दाखवा.

कागदपत्रं

महाराष्ट्राचं कृषी पर्यटन धोरण २०२० मध्ये आलं. शेतकऱ्याला पर्यटन संचालनालयाकडे केंद्राची नोंदणी करता येते, त्याची माहिती आधी घ्या. जेवण देणार असाल तर अन्न परवाना (एफएसएसएआय) लागतो. परदेशी पाहुणा मुक्कामाला आला, तर २४ तासांच्या आत त्याची माहिती ऑनलाइन भरावी लागते. ग्रामपंचायत, बांधकाम परवानगी आणि जीएसटीसाठी स्थानिक सल्लागार आणि सीए यांच्याशी बोलल्याशिवाय पाया खोदू नका.

या आठवड्याचा गृहपाठ

एक वही घ्या आणि गावी जा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा. घराचे, शेताचे, जेवणाचे, पावसाचे असे २० शब्द लिहून आणा, जे पुण्यातल्या मुलांना माहीत नाहीत. त्यातला एक निवडा. मग प्रत्येक खरेदीला एक चाचणी लावा: या खोलीचा फोटो बिनपाटीचा दाखवला, तर बघणारा तालुका ओळखेल का? ओळखणार नसेल, तर ती वस्तू दुकानातच राहू द्या. माझ्या दुकानातली असली तरी!

तुमचा शब्द कमेंटमध्ये लिहा, सोबत गावाचं नाव टाका. निवडक शब्दांवरून खोलीचा प्लॅन आणि खर्च कसा काढायचा, ते पुढच्या व्हिडिओत करून दाखवतो.