पुढच्या नाल्यापलीकडे

जुलै १९९३ मध्ये गडचिरोली जिल्हा परिषदेचा नेमणुकीचा आदेश तासगावच्या घरी आला. पद औषधनिर्मात्याचं, प्राथमिक आरोग्य केंद्र एटापल्ली तालुक्यातलं. सरकारी नोकरीचं पाकीट आमच्याकडे आधी देव्हाऱ्यात जातं. हे दोन दिवस शिवणाच्या मशीनवर पडून होतं. आईनं एवढंच विचारलं, "बदली मिळते का रे तिथनं?" अजून हजरही झालो नव्हतो. एटापल्ली, धानोरा आणि आरमोरी अशा तीन तालुक्यांत बत्तीस वर्षं काढून २०२५ मध्ये मी निवृत्त झालो, आणि या बत्तीस वर्षांत मला सगळ्यांत जास्त वेळा विचारलेला प्रश्न तोच.

मिरजेहून महाराष्ट्र एक्स्प्रेसनं नागपूर आणि तिथून पुढे एसटी. तासगावात लोकांनी अख्ख्या विदर्भातच जपून राहायला सांगितलं होतं. नागपूरच्या स्टँडवर शेजारी बसलेले गृहस्थ म्हणाले, "नागपुरात काय भीती आहे? पण गडचिरोली म्हणता, बापरे." ब्रह्मपुरीला गाडी चहाला थांबली. हॉटेलवाला म्हणाला, "इकडं काही नाही जी, वैनगंगेच्या पल्याड गेलं का मंग आहे." वैनगंगा ओलांडून गडचिरोलीला पोचलो, तर जिल्हा परिषदेतल्या बाबूंनी धीर दिला, "आल्लापल्लीपर्यंत बिनधास्त जा, त्याच्यापुढे जरा सांभाळून." आल्लापल्लीच्या खाणावळवाल्यानं ती हद्द एटापल्लीपर्यंत वाढवली. आणि शेवटी आमच्या केंद्राचा शिपाई कंदील पुसत म्हणाला, "आपल्या गावात काही नाही साहेब. नाल्यापलीकडं तेवढं पाहून राहा लागते."

दोन महिन्यांनी लसीकरणाच्या पथकाबरोबर मी नाल्यापलीकडे गेलो. तिथल्या लोकांनी आम्हाला मोहाच्या झाडाखाली बाजेवर बसवलं, पाणी दिलं, पोरं रांगेनं उभी केली. निघताना गावच्या भुमियानं बजावलं, "अंधार पडायच्या आत जा." का, म्हणून विचारलं, तर त्यानं पूर्वेकडे, तेव्हाच्या मध्य प्रदेशाच्या हद्दीकडे हात केला. तिकडं.

हे सरकणं तसं जुनं आहे. आज जो लौकिक गडचिरोलीचा आहे तो माझ्या आजोबांच्या पिढीत चांद्याचा होता. चांदा म्हणजे गोंड राजांची राजधानी, भोवती दगडी परकोट, आणि महाकालीचं देऊळ. १८५८ मध्ये इंग्रजांनी बाबुराव शेडमाक्यांना फाशी दिलं तेही याच गावात. पण पश्चिमेकडच्या कारकुनांच्या तोंडी चांदा म्हणजे हिवताप, वाघ आणि भानामती. साठच्या दशकात चांद्याचं चंद्रपूर झालं. कोळसा, बल्लारपूरचा कागद आणि दुर्गापूरचं औष्णिक वीज केंद्र यांनी त्याला शहर केलं. २६ ऑगस्ट १९८२ ला जिल्ह्याची पूर्वेकडची झाडी तोडून वेगळा गडचिरोली जिल्हा झाला, तेव्हा जुनी बदनामी जणू सातबाऱ्यासकट नव्या जिल्ह्याच्या नावे चढली. चंद्रपूरला दुसरी मिळाली, उन्हाची आणि धुराची. २००९ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानं देशातली प्रदूषित औद्योगिक क्षेत्रं मोजली त्यात चंद्रपूर चौथं आलं. ही बदनामी मात्र खोटी म्हणता येत नाही. घुग्घुसला दोरीवर वाळत घातलेला पांढरा सदरा संध्याकाळी आणायला गेलात तर तुमचं तुम्हाला कळेल.

गडचिरोलीची बदनामी सगळी खोटी होती असंही मी म्हणणार नाही. १९८० पासून आंध्रातून नक्षलवाद्यांची दलम यायला लागली होती. २८ जुलै ते ३ ऑगस्ट हा त्यांचा सप्ताह; तेवढे दिवस एटापल्लीची गाडी येत नसे, रस्त्यावर झाडं आडवी पडत, लाल कापडावर पांढऱ्या अक्षरांत हुकूम लागत. खबऱ्या ठरवून मारलेल्या माणसाचं प्रेत मी एकदा शवविच्छेदनासाठी येताना पाहिलं. तो आदल्याच आठवड्यात बायकोसाठी लोहाच्या गोळ्या घेऊन गेला होता. मारणाऱ्या आणि मरणाऱ्या, दोन्ही बाजूंना पुष्कळशी पोरं याच जिल्ह्यातली. पोलिसांचं सी-६० पथक तर स्थानिक पोरांमधूनच उभं केलेलं. बाहेरचा माणूस 'गडचिरोलीची भीती' म्हणतो तेव्हा त्याच्या मनात बदलून आलेला साहेब असतो. ती भीती खरी भोगली ती ज्यांना बदली मागायची सोयच नव्हती त्यांनी.

माझी स्वतःची भीती वेगळी होती. फाल्सिपेरम, लोक ज्याला मेंदूचा हिवताप म्हणतात तो. ऑगस्टमध्ये रक्ताच्या काचपट्ट्या सुकवायला टेबल पुरत नसे. मे संपता संपता तीन महिन्यांची औषधं आतल्या उपकेंद्रांना पोचती करायची, कारण एकदा नद्या भरल्या की संपर्क संपला. भामरागडला पर्लकोटेच्या पुलावरून पाणी गेलं की पलीकडची गावं तुटतात, हे आजही दरसालचं आहे. पहिल्या तीन वर्षांत मला स्वतःला चार वेळा थंडी वाजली. बंदुकीनं गेलेल्या माणसाची बातमी राज्यभर छापून येई. डासानं गेलेला माझ्या रजिस्टरात राही.

याच काळातली एक गोष्ट. एक म्हातारे माडिया मामा दर आठवडी बाजारी केंद्रात येऊन बसत. औषध नको असे, नुसते बसत. वर्षभरानं, थोडी ओळख झाल्यावर, त्यांनी मोडक्या मराठीत हळूच विचारलं, "तुमी काय केला होता?" मला कळेना. मग शिपायानं उलगडा केला. मामांच्या आयुष्यात जेवढे म्हणून साहेब आले, तलाठी, गार्ड, मास्तर, ते सगळे कुठं ना कुठं काहीतरी करून शिक्षा म्हणून आलेले. मग एवढा तरुण पोरगा आला म्हणजे यानंही काही केलंच असणार. चोरी का? मी नाही म्हणालो. त्यांना ते पटलं नसावं, पण पुढच्या बाजारी त्यांनी पानाच्या द्रोणात चारोळी आणून दिली.

'गडचिरोलीला पाठवीन' हे वाक्य मंत्रालयात, सिनेमात, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे चालतं. ज्यांना ते ऐकवलं जातं त्यांना उद्देशून ते असतं, हे ठीक. पण ज्या दहा-बारा लाख लोकांचं ते घर आहे त्यांनी ते ऐकून काय समजायचं, हा विचार बोलणाऱ्याच्या डोक्यात येत नाही. मामांनी काय समजायचं ते समजून घेतलं होतं.

सरकारनंही या भीतीचा दर ठरवून दिला. ६ ऑगस्ट २००२ च्या शासन निर्णयानं आदिवासी आणि नक्षलग्रस्त भागात काम करणाऱ्यांना एकस्तर वरची वेतनश्रेणी आणि प्रोत्साहन भत्ता मिळू लागला. मीही घेतला, खोटं कशाला बोलू. पण त्या भत्त्यानं मुक्कामी माणसं वाढली नाहीत. पगार एटापल्लीचा, बिऱ्हाड चंद्रपुरात किंवा नागपुरात, शनिवारी दुपारी मोटारसायकलींची रांग, हे चित्र मी वर्षानुवर्षं पाहिलं. आणि रविवारी रात्री नागपूरच्या सोफ्यावर बसून जंगलाच्या गोष्टी सांगणार तेच! कोणत्याही मुलखाचा लौकिक तिथं राहणारा लिहीत नाही, बदलीचा अर्ज खिशात घेऊन फिरणारा लिहितो, असं माझं पक्कं मत झालं आहे.

२००९ चं साल घ्या. त्या वर्षी मी धानोरा तालुक्यात होतो. १ फेब्रुवारीला त्याच तालुक्यात मरकेगावला पंधरा पोलीस मारले गेले. ऑक्टोबरमध्ये भामरागडकडे लाहेरीला सतरा. तासगावहून रोज फोन. आणि त्याच वर्षी, त्याच धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी पहिल्यांदा ज्या गावांना मिळाला त्यांतलं एक. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं अभ्यासगट चालवून, एकमतानं निर्णय घेण्याची सवय लावून, 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही घोषणा प्रत्यक्ष वागण्यात आणली होती. २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश स्वतः गावात आले आणि बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. वन खात्याच्या गार्डाला पाहून लपणारी माणसं मी पाहिली होती. तीच आता बांबूचा लिलाव पुकारत होती. मरकेगाव तासगावात पोचलं. मेंढा पोचलं नाही.

आमच्याकडे थोडा फरक पडला तो आबांमुळे. तासगावचे आर. आर. पाटील गृहमंत्री असताना त्यांनी गडचिरोलीचं पालकमंत्रिपद मागून घेतलं. "आबा जातात म्हणजे असंल काहीतरी," असं आमच्या गल्लीत म्हणू लागले.

दुसरी एक कीर्ती आहे, चांगली, आणि तिच्याबद्दल बोलायला जीभ जरा अडखळते. हेमलकसा आणि शोधग्राम. १९७३ मध्ये हेमलकशाला लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला नसता आणि १९८६ मध्ये अभय-राणी बंग इथं आले नसते, तर माझ्यासारख्या औषधवाल्याला निम्मं काम कळलंच नसतं. पण पुण्या-मुंबईहून येणाऱ्या पाहुण्यांच्या डोळ्यांत त्यामुळे हा जिल्हा म्हणजे सेवा करून घ्यायला बसलेला मुलूख झाला. खरी हकिगत उलटी आहे. बंगांच्या 'सर्च' संस्थेच्या एकोणचाळीस गावांत इथल्याच, कमी शिकलेल्या बायका नवजात बाळाचं वजन घ्यायला, श्वास मोजायला, वेळ आली तर इंजेक्शन द्यायला शिकल्या. नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून खाली आले. १९९९ मध्ये ते 'लॅन्सेट'मध्ये छापून आलं. आज तासगावात आशाताई बाळंतिणीच्या घरी जाऊन बाळ तपासते ती पद्धत या गावांतून निघून देशभर गेली आहे. माझ्या पुतणीच्या बाळाला तपासायला आलेल्या आशाताईला मी हे सांगितलं. "गडचिरोली?" ती म्हणाली. "तिथं नक्षलवादी असतात ना?"

मजेची गोष्ट अशी, की जंगल, बंदूक आणि सेवा या तिन्हींत न बसणारा जिल्हा केवढा तरी मोठा आहे. सिरोंच्यात तेलुगू बोलतात. मुलचेरा आणि चामोर्शीकडे पूर्व बंगालातून आलेल्यांची गावं आहेत, तिथं दुर्गापूजा आणि मासळीची तळी. आणि उत्तरेला झाडीपट्टीची रंगभूमी. आरमोरीला बदलून आलो तेव्हा मी तमासगीर काळू-बाळूंच्या सांगली जिल्ह्यातला, नाटक-तमाशात मला कोण शिकवणार, या तोऱ्यात होतो. धान निघालं की दिवाळीपासून मंडई आणि शंकरपट लागतात. दिवसा बैल पळतात, रात्री नाटक. वडशाला नाटक कंपन्यांच्या कचेऱ्या ओळीनं आहेत, तारखा तिथं ठरतात. पडदा दहाच्या पुढे उघडतो आणि पहाटे पडतो. तिकीट काढून, मुर्रा-चिवड्याचे पुडे बांधून, बंड्यांतून आणि ट्रॅक्टरमधून हजारो माणसं येतात. घरोघरी पाहुणे, त्यात सोयरिकी जमतात. माझ्या कंपाउंडरच्या मुलीचं लग्न दुसऱ्या अंकाच्या मध्यंतरात ठरलं. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा पुण्यातल्या नाट्यवेड्या मित्रानं मला फोन करून विचारलं, "तुमच्याकडे नाटकं होतात?"

त्याच कुरखेडा तालुक्यात १ मे २०१९ ला जांभूळखेड्याजवळ सुरुंगस्फोटात पंधरा जवान आणि त्यांच्या गाडीचा चालक गेले. भीती दक्षिणेला, आल्लापल्लीच्या पुढे, नाल्यापलीकडे असते ना? हे तर वडशापासून काही अंतरावर, उत्तरेला, नाटकांच्या मुलखात. त्या दिवशी मला शिपायाचा कंदील आठवला.

वाघाचंही असंच. ताडोब्याला माणसं कितीतरी आधी जिप्सीचं बुकिंग करतात. तोच वाघ सिंदेवाही, मूल, ब्रह्मपुरीकडे निघाला की तेंदूपत्ता तोडायला गेलेल्या बाईचा काळ होतो. आणि आता तर बंदुकीपेक्षा वाघाची भीती इथं जास्त आहे, हे सांगितलं की पर्यटकाला ते खरं वाटत नाही.

१ जानेवारी २०२५ ला अहेरीहून गर्देवाड्याला एसटी सुरू झाली, स्वातंत्र्यानंतर पहिल्यांदा. ऑक्टोबरमध्ये नक्षलवाद्यांचा नेता भूपती आणि त्याच्या साठ साथीदारांनी गडचिरोलीत शस्त्रं खाली ठेवली. लगेच नवं नाव तयार आहे, पोलादाचा जिल्हा. सुरजागडच्या लोखंडाचे ट्रक आल्लापल्ली-आष्टी रस्त्यानं दिवसरात्र जातात, रस्त्याकडच्या झाडांची पानं तांबडी झाली आहेत. हेही नाव बाहेरूनच आलं आहे, आणि मामांच्या नातवाला याही वेळी कोणी विचारलेलं नाही. बरं होईल की वाईट, ते तोच तीस वर्षांनी सांगेल.

आंतरजिल्हा बदलीचा माझा अर्ज १९९६ चा. आदेश २००४ मध्ये आला, सांगली जिल्हा परिषद, हजर होण्यास सात दिवस. मी नाकारला. आई वर्षभर नीट बोलली नाही. तो कागद अजून आहे, आरमोरीच्या घरी, ट्रंकेत.

तुम्हाला यायचंच असेल तर पौषात या. गोंदियाच्या गाडीनं वडशाला उतरा, स्टेशनबाहेर कुणालाही विचारा आज कोणत्या गावी नाटक आहे. ब्लँकेट मात्र आणा. इथल्या थंडीबद्दल जे सांगतात ते खरं आहे.