कुर्ल्याच्या फियाटला पन्नाशीची अट

जुन्या मोटारींचा छंद म्हटला की वर्तमानपत्रांत छापून येते ती दक्षिण मुंबईतली रॅली: हॉर्निमन सर्कलला रांगेत लागलेल्या संस्थानिकांच्या रोल्स-रॉइस, घासूनपुसून लखलखणारे दिवे, फेटे बांधलेले मालक. त्या गाड्या जपायलाच हव्यात. पण अंधेरी, घाटकोपर, मुलुंड, बोरिवलीत हा छंद ज्या गाडीवर जगतो, ती कुठल्या राजवाड्यातून आलेली नाही. ती कुर्ल्यात बनली. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्सची स्थापना केली. कुर्ल्याच्या कारखान्यात आधी डॉज, डिसोटो, प्लिमथ जोडल्या गेल्या, मग इटलीच्या फियाटशी करार झाला. पन्नाशीच्या दशकातली ११०० म्हणजे लोकांच्या तोंडची ‘डुक्कर फियाट’. तिचे पुढचे दरवाजे उलटे उघडत. १९६४ मध्ये ‘डिलाइट’ आली आणि तिचाच पुढचा अवतार ‘प्रीमियर पद्मिनी’ या नावाने १९७४ पासून शतक संपेपर्यंत बनत राहिला. नंबर लावून वर्षानुवर्षे वाट पाहायची आणि मग घरी आणायची, अशी ही मध्यमवर्गाची गाडी होती. तिचे जतन काचेआड ठेवून होत नाही, चालवत आणि दुरुस्त करत राहूनच होते, असे माझे ठाम मत आहे. आपले नियम मात्र नेमक्या उलट दिशेने जात आहेत.

चालवण्याचा एवढा आग्रह का, हे बॉनेट उघडल्यावर कळते. १०८९ सीसीचे चार सिलिंडरचे इंजिन, कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर. कॉम्प्युटर कुठेही नाही. डिस्ट्रिब्युटरचे झाकण काढले की आत दोन लहानशी टोके दिसतात, तेच पॉइंट. ती उघडतात तेव्हा त्यांच्यात अर्ध्या मिलिमीटरहूनही कमी फट राहायला हवी. फिलर गेजची पाती त्या फटीत सरकवून, स्क्रू किंचित फिरवून मेकॅनिक ती लावतो. पाती अडकत नाही आणि सैलही पडत नाही, अशा बेताने. फट चुकली की प्लगला ठिणगी अवेळी मिळते आणि गाडी मिसिंग मारते. हे काम पुस्तकात वाचून येत नाही, हाताला सवय लागते तेव्हा येते. गाडी सहा महिने झाकून ठेवली तर टाकीतले पेट्रोल शिळे होते, व्हील सिलिंडर जाम होतात, रबरी सील वाळून चिरतात. उपनगरांत पावसाळ्यातला दमटपणा आणि खाडीची खारी हवा यांची त्यात भर पडते. फ्लोअरचा पत्रा आणि दरवाजांचा खालचा भाग आतून सडतो. वरून पुटीन भरून रंग मारला तर वर्षभर छान दिसते, पण आत गंज वाढतच राहतो. सडलेला पत्रा कापून त्याच मापाचा नवा तुकडा वेल्डिंगने बसवणारा डेंटर आज शोधावा लागतो.

तो का शोधावा लागतो, याचे उत्तर टॅक्सीत आहे. पद्मिनी इतकी वर्षे स्वस्तात सांभाळता आली, कारण मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सी जवळजवळ सगळ्या त्याच होत्या. टॅक्सीवाल्याला रोज गाडी लागे, म्हणून पिस्टन, किंगपिन, क्लच प्लेट, गॅस्केट गल्लोगल्ली मिळत. कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर भंगारातून सुटे भाग निघत आणि लेथवाल्याकडे बोअरिंगचे काम अखंड चाले. हौशी माणूस याच व्यवस्थेच्या आधाराने छंद करत होता. टॅक्सीसाठी वीस वर्षांची वयोमर्यादा असल्याने ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदलेली शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये रस्त्यावरून उतरली. तेव्हा भावनेने पुष्कळ लिहिले गेले. पण टॅक्सीबरोबर सुट्या भागांची मागणी आणि कारागिराची रोजची मिळकत गेली, याची चर्चा झाली नाही. आता हे कसब केवळ हौशी मालकांच्या खिशावर टिकायचे आहे.

अशा वेळी कायदा काय म्हणतो? जुलै २०२१ मध्ये केंद्र सरकारने व्हिंटेज वाहनांसाठी प्रथमच स्वतंत्र नियम केले. हे पाऊल स्वागतार्हच होते: ‘व्हीए’ मालिकेचा खास नंबर, नव्या नोंदणीला २०,००० रुपये, दहा वर्षांची मुदत. मात्र पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षे झालेली हवीत, चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला नको, आणि गाडी प्रदर्शन, रॅली, इंधन भरणे, देखभाल अशा कारणांपुरतीच रस्त्यावर आणायची. परिणाम पाहा. पद्मिनी नावाच्या पहिल्या गाड्यांनी पन्नाशी गाठली ती २०२४ मध्ये. १९९०ची पद्मिनी व्हिंटेज ठरेल २०४० मध्ये. तोवर कायद्याच्या लेखी ती निव्वळ म्हातारी मोटार: दर पाच वर्षांनी फेरनोंदणी, वर पर्यावरण कर, आणि वीस वर्षांवरील मोटारीचे नूतनीकरण शुल्क २०२५ पासून दहा हजार. जिची देखभाल आज शक्य आहे, जिचे मेकॅनिक आज हयात आहेत, तीच गाडी या मधल्या वर्षांत भंगारात निघणार. जुन्या वाहनांची आंतरराष्ट्रीय संघटना ‘फिवा’ तीस वर्षांची अट धरते आणि तिची ट्युरिन सनद गाडीच्या प्रत्यक्ष वापरालाही जतनाचाच भाग मानते. आपण पन्नास का धरले, याचे पटणारे कारण मला सापडत नाही.

यावरचा सर्वांत वजनदार आक्षेप प्रदूषणाचा, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. पीयूसी तपासणीत जुन्या पेट्रोल मोटारीला कार्बन मोनॉक्साइडची ३ टक्क्यांपर्यंत मुभा आहे, तर भारत स्टेज चारच्या गाडीला ०.३ टक्के. दर किलोमीटरमागे जुनी गाडी अधिक घाण करते, यात वाद नाही. पण हा युक्तिवाद रोज साठ किलोमीटर धावणाऱ्या गाडीला लागू पडतो. रविवारी पहाटे घोडबंदरपर्यंत जाऊन येणाऱ्या गाडीला नाही. शिवाय तोच धूर बऱ्याच अंशी ट्युनिंगवर ठरतो, म्हणजे दुरुस्ती करणारा हात टिकला तर तो कमीही होतो. किलोमीटरची मर्यादा घाला, वर्षातून एकदा कसून तपासणी करा; प्रामाणिक छंदी याला नाही म्हणणार नाही. सुरक्षिततेचा मुद्दाही मला मान्य आहे. सीटबेल्ट लावणे म्हणजे फेरफार नव्हे, असे नियमात स्पष्ट लिहावे.

जागेचा प्रश्न अधिक अवघड आहे. पुनर्विकासात उपनगरांतल्या जुन्या चारमजली सोसायट्या पडून टॉवर उभे राहतात आणि आवारातली मोकळी जागा जाऊन यांत्रिक स्टॅक पार्किंग येते. तिथे गाडीखाली झोपून काम करता येत नाही. दोन पार्किंग परवडणाऱ्यांचाच हा छंद उरतो की काय, ही भीती खरी आहे. त्यावर एकट्या मालकाकडे उपाय नाही. सामाईक गॅरेज लागेल, आणि त्याला जागा महापालिकेनेच द्यायला हवी.

त्यात आता पेट्रोलचा पेच. वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल जुन्या रबराला मानवत नाही. फ्युएल पंपातला डायफ्रॅम मऊ पडतो, होज फुगतात, टाकीत पाणी धरून गंज येतो. पूर्वी, २००० साली शिसेयुक्त पेट्रोल बंद झाले तेव्हा व्हॉल्व्ह सीट झिजण्याचा प्रश्न आला होता आणि कडक धातूच्या सीट बसवून मेकॅनिकांनी तो सोडवला. आताही इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे डायफ्रॅम आणि होज हवेत. असे भाग थोड्या संख्येने बनवायला तयार असलेले लहान कारखानदार आणि सरकारी आयटीआय यांची सांगड घातली, मोटार मेकॅनिकच्या अभ्यासक्रमात स्कॅनरबरोबर कार्ब्युरेटर आणि पत्राकामाचे एक सत्र ठेवले, आणि त्यासाठी टॅक्सीच्या जमान्यातल्या मेकॅनिकांना मानधनावर बोलावले, तर पुढची पंधरा वर्षे निभावतील. त्यांतले बरेच जण आज साठी-सत्तरीत आहेत. व्हिंटेजची अट तीस वर्षांवर आणण्याची मागणी परिवहन मंत्रालयाकडे करायची असेल तर ती याच वर्षी करावी, कारण २०४० साली तिला अर्थ उरणार नाही.