परसदार पुन्हा उघडलं!

आमचं घर उरणजवळच्या नागावातलं. मागे विहीर, चार माड, एक आंबा. पण स्वयंपाकघर आणि परस यांच्यामध्ये भिंत! कढीपत्ता तोडायचा तर घराला वळसा. एका पावसाळ्यात सासूबाई शेवाळावरून घसरल्या, तेव्हा ठरवलं, मागे दार काढायचंच.

त्यातच २०२४ मध्ये अटल सेतू झाला, रेल्वे उरणपर्यंत आली. "आंबा तोडून भाड्याच्या दोन खोल्या काढू," मुलगा म्हणाला. त्याचंही चूक नव्हतं. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "जसखारची माझ्या माहेरची शेती बंदरात गेली. आता एवढीच माती उरलीय."

मग सहा फुटी पडवी काढली. उतार बाहेरच्या बाजूला, लादी खडबडीत, कौलं दोन फूट पुढे. खाऱ्या वाऱ्यात लोखंड गंजतं, म्हणून खांब लाकडी. आंब्याच्या बुंध्याभोवती माती मोकळी ठेवली. मोरीचं पाणी केळीला सोडलं.

भाडं हुकलं, खरंय. पण सासूबाई आता पडवीत बसून भाजी निवडतात. आणि लेकाला सकाळचा चहा तिथेच लागतो! मैत्रिणींनो, घर वाढवताना आधी मागचं दार कुठे उघडतं, ते जरूर बघा.