दुखणेकऱ्यास बोलते करा



ऊस नोंदीसाठी गावोगाव फिरताना ओसरीवर खाट धरून पडलेली वडीलधारी माणसे आम्हास दिसतात. दुखणे कॅन्सरचे, तेही शेवटच्या टप्प्याचे. घरची मंडळी औषधपाणी वेळेवर करतात, पण जवळ बसून बोलत कोणी नाही. रोगाचे नाव चुकून तोंडातून निघेल ही धास्ती. मग माणूस भिंतीकडे तोंड करतो आणि म्हणतो, “आता माझा काय उपेग?”

कॅनडातील विनिपेगचे मानसोपचारतज्ज्ञ डॉ. हार्वे चोचिनोव्ह यांनी यावर एक रीत बसविली. प्रश्न रोगाविषयी नाहीतच, आयुष्याविषयी आहेत. कोणते दिवस भरभरून जगलात? कोणत्या कामाचा अभिमान वाटतो? घरच्यांना काय सांगायचे आहे? बोलणे टेप करून कागदावर उतरवायचे, नीट लावायचे, रोग्यास वाचून दाखवायचे. तो सांगेल ती दुरुस्ती करून कागद त्याच्या हाती द्यायचे. कोणाला द्यायचे ते तो ठरवील. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १०० रोगी होते. पैकी ९१ टक्क्यांनी समाधान सांगितले.

३२६ रोग्यांवरील तुलना २०११ साली प्रसिद्ध झाली, तीत मात्र मोजमापात मनाचा त्रास इतर रोग्यांपेक्षा विशेष कमी झालेला दिसला नाही. तरी ‘उपयोग झाला, घरच्यांची नजर बदलली’ असे सांगणारे या रीतीतच जास्त निघाले. तेव्हा हे औषध नव्हे. वेदना असतील तर आधी डॉक्टर गाठावा. पुण्यास वारजे येथे सिप्ला फाउंडेशनचे केंद्र १९९७ पासून अशा रोग्यांची मोफत देखभाल करते.

आमच्या एका गटातील आजोबांना नातवाने ७२ च्या दुष्काळात फोडलेल्या विहिरीविषयी विचारले व मोबाईलवर बोलणे घेतले. चार दिवस न बोललेला माणूस अर्धा तास बोलला! लिहिलेले वाचून दाखविले तर म्हणतात, “सहा परस न्हवं, आठ परस लिव्ह. आन् पाण्याच्या पाळीवरनं धाकट्याशी बोलणं टाकलं, ती चूक माझी. तेबी लिव्ह, त्याला वाचून दाव.”

नको म्हटल्यास आग्रह धरू नये, दमले की थांबावे. रागाच्या भरात कोणाविषयी काही निघाले तर ते ठेवायचे का, हे पुन्हा विचारून घ्यावे. जमिनीच्या वाटणीचा विषय या वहीत नको. त्याला वकील आहेत.