टेकलेल्या बोटाचा आधार

भिंतीजवळ एका पायावर उभे राहा आणि डोळे मिटा. काही क्षणांतच घोटा थरथरू लागतो, हात आपोआप बाजूला पसरतात. उभा माणूस खरं तर सतत किंचित डोलत असतो आणि मेंदू त्याला सावरत असतो. त्यासाठीची खबर डोळ्यांकडून येते, कानाच्या आतल्या भागातून येते आणि सांधे, स्नायू, तळव्यांकडूनही येते.

अंध माणसाची बाकीची इंद्रियं आपसूक तीक्ष्ण होतात, असं आपण सहज बोलून जातो. तोलाचं तसं नाही, तो कमवावा लागतो. जन्मांध बाळाला पालथं ठेवलं तर मान उचलून बघावं असं त्याच्यासमोर काहीच नसतं. त्यामुळे मान आणि पाठ उशिरा बळकट होतात, चालणंही लांबतं. पुढे पाय फाकवून, मान खाली घालून, आखूड पावलं टाकत चालायची सवय जडते. त्यात घरचे काळजीपोटी ‘पडशील, बस इथेच’ म्हणत राहतात. त्या मायेपायी सरावच हिरावला जातो, याचं मला फार वाईट वाटतं. याउलट, मुंबईत मल्लखांब प्रशिक्षक उदय देशपांडे यांनी अंध मुलींनाही मल्लखांब शिकवला. दोरीवरच्या मल्लखांबात दोर अंगाला सतत लागलेला असतो, आपण कुठे आहोत हे त्वचेलाच कळत राहतं.

स्पर्शाची ही ताकद अमेरिकेतल्या ब्रँडाइस विद्यापीठात जेका आणि लॅकनर यांनी 1994 मध्ये मोजून दाखवली. एका पावलापुढे दुसरं पाऊल जुळवून, डोळे मिटून उभ्या राहिलेल्या माणसाने बोटाचं टोक एका पट्टीला नुसतं टेकवलं, तरी डोलणं झपाट्याने कमी झालं. दाब शंभर ग्रॅमहूनही कमी. एवढ्याने शरीर पेलत नाही. बोट मेंदूला फक्त खबर देतं. पुढे अंध व्यक्तींच्या हाती काठी देऊन पाहिलं, तेव्हा हलकेच टेकवलेल्या काठीनेही तोल सुधारला. पांढरी काठी खड्डा शोधते, तशी उभं राहायलाही मदत करते.

म्हणून रस्ता ओलांडून देताना अंध माणसाचा काठीचा हात पकडून ओढू नका. आधी विचारा, मग त्याला तुमचं कोपर धरू द्या आणि अर्धं पाऊल पुढे चाला. फुटपाथवरून तुम्ही खाली उतरलात की तुमचा हातही खाली जातो, आणि पायरी आल्याचं त्याला पाऊल टाकण्याआधीच कळतं.