बुद्धिबळाचा एकच नियम बदलून पाहू

रायगड जिल्ह्यातल्या मोहोपाड्यातली मुलं आज बुद्धिबळ खेळतात ती फिडेच्या, म्हणजे जागतिक संघटनेच्या नियमांनी. महाराष्ट्रात पूर्वी देशी पद्धत चाले. तिच्यात प्यादं पहिल्या चालीलाही एकच घर सरके. किल्लेकोट (कॅसलिंग) नव्हता, राजाला शह बसलेला नसेल तर साऱ्या डावात एकदाच घोड्याची उडी घेता येई. शेवटच्या घरात पोचलेलं प्यादं त्या उभ्या पट्टीतल्या मोहऱ्याचं रूप घेई. घोड्याच्या पट्टीत घोडा, हत्तीच्या पट्टीत हत्ती. त्यामुळे कोणतं प्यादं पुढे रेटायचं, हा विचार डावभर करावा लागे. आज कुठलंही प्यादं वजीर होतं. ती जुनी रीत गेल्याची मला हळहळ वाटते.

हे बदल जुनेच आहेत. त्रिवेंगडाचार्य शास्त्र्यांचा बुद्धिबळावरचा ग्रंथ १८१४ साली मुंबईत इंग्रजीत छापला गेला, तोच युरोपीय पद्धतीला जुळवून.

आता माजी जगज्जेता बॉबी फिशरने १९९६ मध्ये मांडलेली नियमबदलाची सूचना पाहा. मागच्या ओळीतली मोहरी चिठ्ठीने मांडायची. दोन उंट वेगळ्या रंगांवर, राजा दोन हत्तींच्या मध्ये. अशा ९६० मांडण्या होतात आणि पाठांतर निकामी ठरतं. पण नवशिक्याला दर डावाला नवा पट परका वाटतो.

मला आणखी एक माजी जगज्जेता व्लादिमिर क्रामनिकची २०१९ मधली सूचना जास्त पटते: किल्लेकोट बंद. एरवी राजा एका चालीत कोपऱ्याकडे सुरक्षित होतो आणि हत्तीही मोकळा होतो. ती सोय गेली की राजाला एकेक घर चालत आडोसा गाठावा लागतो, हत्ती कोपऱ्यात अडकतो, आणि तोवर मधल्या पट्ट्या उघडल्या तर हल्ला थेट राजावर येतो. पाठ केलेल्या बहुतेक सुरुवातीही कोलमडतात. २०२१ मध्ये डॉर्टमुंडला याच नियमाने झालेल्या सामन्यात विश्वनाथन आनंदने क्रामनिकला हरवलं.

मोहोपाडा-रसायनीच्या मंडळांनी गणेशोत्सवात हे करून पाहावं. त्याच जोड्यांनी दोन्ही रंगांनी नेहमीचे दोन डाव खेळावेत, मग दोन किल्लेकोटाविना. बाकी काहीही बदलू नये, नाहीतर फरक कशाने पडला ते कळणार नाही. चाली लिहून ठेवाव्यात, किती डाव बरोबरीत सुटले ते मोजावं. फिडेच्या नेहमीच्या मानांकनात हे डाव धरले जात नाहीत, हे मुलांना आधीच सांगावं.